नावाचा रकाना कोरा राहू नये म्हणून

मी, सेवकराम गोमाजी धकाते, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी विणकाम, आता बसून राहणे, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या शाईने व कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते जोर देऊन लिहावे लागते, कारण गेले तीन महिने माझ्याच घरात माझे डोके फिरल्याची कुजबुज चालू आहे. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि स्रग्धरा वृत्ताचे गण सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "पुरे काका, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे." हे त्यांनी दाखल्यात लिहिले नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

कलम १. माझी माणसे. पत्नी कौशल्याबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगी रत्नमाला, अड्याळला दिली. मुलगा चंदन व सून रेणू माझ्याजवळ राहतात. त्यांना लग्नाच्या नवव्या वर्षी मुलगी झाली, ती आज चार महिन्यांची आहे. तिच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना अजून कोरा आहे. हे मृत्युपत्र त्या रकान्यासाठी आहे. घरदार त्याच्या मागून येते.

कलम २. नाव. मी सातवीपर्यंत शिकलो. बाबुलाल गुरुजी बाकावर तळहात आपटून वृत्ते शिकवत. सगळ्यांत लांब स्रग्धरा. एका ओळीत एकवीस अक्षरे, सात-सात-सातवर विसावा. "ही एका दमात म्हणायची नसते," गुरुजी म्हणत, "हिला मान देऊन दोनदा थांबायचं असतं." स्रग्धरा म्हणजे माळ धारण करणारी. मला वाटे, अशी कोणी बाई खरोखरच असेल, आणि एखाद्या सकाळी वैनगंगेच्या घाटावरून गळ्यात माळ घालून वर येईल.

पुढच्या वर्षी बाबांनी माझे दप्तर खुंटीला टांगले आणि मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवले. दप्तर सुटले, वृत्त सुटले नाही. धोटा इकडून तिकडे जाई आणि माझ्या तोंडात म र भ न य य य. सात अक्षरे, श्वास. सात अक्षरे, श्वास. लोकांना वाटे, सेवक्या देवाचे नाव घेतो.

सन १९७८ मध्ये रत्नमाला झाली, तेव्हा मी तिच्या पाळण्यासाठी एक शेला विणला. काठात सात-सात-सात लाल रेघा. नाव ठरलेलेच होते. पण आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. माझी थोरली बहीण गोदावरीबाई पाळण्यापाशी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सेवक्या, पोरगी कोष्ट्याची हाये, राजाची नाही. आपल्या तोंडाले झेपन असं नाव ठेवावं." आणि वाकून कानात सांगून आली, रत्नमाला.

नाव वाईट नाही. पण ते माझे नव्हते. मी गप्प राहिलो. थोरल्या बहिणीपुढे बोलू नये असे मला शिकवले होते. गुरुजींनी नव्हे, बाकी सगळ्यांनी. शेला पेटीत गेला. गोदावरीबाई आता हयात नाही. मी तिला माफ केलेले नाही, आणि वर भेट झालीच तर पहिला सवाल हाच करीन की, राजाच्या अंगावरची वस्त्रं विणायची कोष्ट्यानं, मग नाव कायले विणू नये?

कलम ३. यंदाची हकीकत. रेणूला सातवा महिना असताना तीच माझ्याजवळ येऊन बसली. "मामाजी, तुमच्या शाळेतलं एखादं जुनं नाव सांगा ना. गावात कोणाचंच नसन असं." मी सांगितले. ती पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नीट म्हणाली, तिसऱ्यांदा पोटावर हात ठेवून म्हणाली. तेव्हा हे नाव एकट्या म्हाताऱ्याचा हट्ट आहे असे जे म्हणतात, ते खोटे बोलतात.

बारशाच्या आदल्या दिवशी चंदनने तोंड वाकडे केले. "बाबा, उद्या पोरगी शाळेत जाईन तं मास्तरले लिवता येईन काय?"

मी म्हणालो, "नाही आलं तं शिकन. शाळा त्याच्यासाठीच असते."

माझा पुतण्या अनुप लगेच म्हणाला, "काका, हे नाव हाय का खताची थैली?" सगळे हसले. रेणू हसली नाही. आत जाऊन तिने कुकर उतरवला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तेवढ्यात टीना हे नाव ठरले. लहान, सोपे, मोबाइलमध्ये मावते.

आत्या म्हणून रत्नमालेला बोलावले होते. तिला चौघांनी चार वेळा बजावले. ती पाळण्यात वाकली. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले, तरी ती डोके वर काढेना. शेवटी उठून मोठ्याने म्हणाली, "टीना." दोन अक्षरांना एवढा वेळ का लागला, हे मी तिला विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ते मीच मिटले होते.

आता उघडतो.

कलम ४. घर. मागची खोली, मागासह, व अंगणातली विहीर मी कु. स्रग्धरा चंदन धकाते हिला देतो. वकील म्हणाले, ओळख पटेल असे लिहा. तर ही म्हणजे चंदन व रेणू यांची मार्च २०२५ मध्ये जन्मलेली मुलगी. दुसरी कोणती आम्हाला नाही. समोरच्या दोन खोल्या चंदनच्या, पण जन्मदाखल्यावर वरील नाव चढेल त्या दिवसापासून. तोवर त्या रेणूच्या. चंदन वाईट मुलगा नाही. तो लोकांना भितो, जसा त्याचा बाप भ्यायला होता. त्याला थोडा धक्का दिला की चालतो.

कलम ५. बँकेतली रक्कम रेणूला. कारण कोणालाही सांगायची गरज नाही.

कलम ६. पेटीतला शेला स्रग्धरेला, आजच. मरेपर्यंत थांबणार नाही. अनुपला माझा चष्मा. खताच्या थैलीवर काय लिहिले असते ते त्याने एकदा नीट वाचावे.

कलम ७. माझ्या तेरवीला कोणी तिला टीना म्हटले, तर त्याच्या पानात वडा वाढू नये.

कलम ८. मुलगी अठरा वर्षांची झाली आणि तिला हे नाव जड वाटले, तर तिने खुशाल बदलावे. खोली, माग, विहीर तिचीच राहील. मी रागावणार नाही. पण बदलायचा हक्क तिचा एकटीचा. बापाचा नाही, काकाचा नाही, गावाचा तर नाहीच.

कलम ९. रत्नमालेला मी मागच्या खोलीचा अर्धा भाग देणार होतो. तिने मसुदा वाचला आणि म्हणाली, "मले काही नको, बाबा. घेणाऱ्यानं साक्षीदार होऊ नये, म्हणते वकील. मले साक्षीदार करा." म्हणून तिला काही दिले नाही. तिचे जे मी देणे लागत होतो, ते कोणत्याही कलमात बसत नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, मान देऊन दोनदा थांबून सही करतो.

ठिकाण: पवनी
दिनांक: १४ जुलै २०२५

(सही) सेवकराम गोमाजी धकाते

साक्षीदार

१. नत्थू बाबुराव लांजेवार, पवनी. सातवीत सेवकरामच्या शेजारी बसत होतो. त्याने आमच्यासमोर सही केली. डोके तेव्हाही असेच होते.
(सही)

२. रत्नमाला इश्वर सोरते, अड्याळ. बाबांनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने जास्त लिहू नये म्हणतात, तरी लिहिते. बारशाच्या दिवशी मी बाळाच्या कानात स्रग्धरा हेच नाव तीनदा सांगितले. टीना म्हटले ते लोकाईसाठी. नाव कानातलेच खरे असते, आणि ते पोरीने ऐकले आहे.
(सही)