जेवणाआधीची सुई

४ फेब्रुवारी २००८
राजशेखर सरांनी नवं काम दिलं. एका डॉक्टरांना मोबाईलवर चालणारं सॉफ्टवेअर पाहिजे – इन्शुलिन स्वतः टोचून घेणाऱ्या पेशंटसाठी. वेळ झाली की फोन वाजणार, आज पोटात का मांडीत ते चित्रात दिसणार. टोचलं की 'घेतलं' दाबायचं.
"शांभवी, तुला जमतंय की. आधी एखादा पेशंट गाठ."
हो म्हटलं. शाळेत असल्यापासून मीच पेशंट आहे, हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. डब्याआधी संडासात जाऊन टोचते. आईनं शपथ घातलीय – लग्न ठरेपर्यंत बोलायचं नाही.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांची नवी अट. 'घेतलं' दाबलं नाही, तर घरच्यांना आपोआप मेसेज. "पेशंट फार चुकार असतात."
चुकार! सुई आमच्या पोटात, आणि चहाडी फोन करणार. मेसेज जायचा का नाही, कुणाला जायचा, ते पेशंटनं ठरवावं, असं मी सरांना म्हटलं.
"ते सांगतील तसं कर की. तुला काय करायचंय?"
करणार नाही.

१६ फेब्रुवारी
डॉक्टर ऑफिसात आले. माझं म्हणणं ऐकून हसले. "तुम्हाला काय कळणार पेशंटचं?"
डब्याची वेळ झालीच होती. पर्समधून सिरिंज काढली, टेबलावरच भरली, कुर्त्याची कड उचलली, टोचली. 
"आता सांगा, कळतं का."
डॉक्टरांनी कागदावरची अट खोडली. मग म्हणाले, "ठीक आहे. पेशंटला विचारूनच मेसेज."
ते गेल्यावर सर हळूच म्हणाले, "डब्याआधी रोज संडासात जायचीस ती यासाठी व्हय? उद्यापासनं माझ्या केबिनमध्ये बस."
माझ्याच टेबलावर बसणार, म्हटलं.

१७ फेब्रुवारी
आईला सांगितलं. "आता कोण करून घेणार तुला?" एवढंच बोलली आणि भांडी आदळत बसली.

२ मार्च
गडहिंग्लजचं स्थळ. शिवकुमार, त्याची आई बसव्वा, मामा. मुलगा बरा वाटला. कामाबद्दल नीट विचारलं त्यानं. मीही सगळं सांगितलं – सॉफ्टवेअर, मेसेजवरून झालेलं भांडण, आणि माझं दुखणंही. आई डोळ्यांनी दटावत होती. पोहे आले, तिथंच टोचलं.
मामा उठलेच. "आजारी पोरगी गळ्यात मारताय व्हय?"
शिवकुमार मान खाली घालून त्यांच्यामागनं गेला. बसव्वा शेवटी उठल्या. माझी पत्रिका पिशवीत घालून निघाल्या.
मी माझे पोहे संपवले. सुई घेतली होती, खाणं भाग होतं. डोळ्यांतलं पाणी बशीत पडलं, तरी संपवले.

५ मार्च
नकार आला. आई अजून बोलत नाही. बोलू नकोस जा.

११ मार्च
दुपारी बसव्वांचा फोन. पत्रिकेवरचा नंबर जपून ठेवला होता म्हणे. आवाज अगदी दबका.
"गोठ्यातनं बोलतोय, बाई. डॉक्टरनं मलाबी सुई लावलीया. हितंच येऊन टोचून घेतो. तुझं ते मोबाईलातलं माझ्या फोनात घालून दे. घरात न्हाय न्हवं कळायचं?"
ओठांवर आलं होतं – सांगा की घरात! त्या दिवशी मामांसमोर तरी बोलायचं होतं.
गिळलं.
"न्हाय कळायचं," म्हटलं. "या तुम्ही."