सोय झाल्यावर कळवा

७ एप्रिल १९९५
पुण्याहून विहीणबाईंचं पत्र. सप्रेम जय भीम वगैरे. आमच्या भारतीला आठवा लागला, पहिलटकरीण, माहेरी पाठवायला हवी. पण – ‘तिला एसीची सवय झाली आहे. तुमच्याकडे सोय झाल्यावर कळवा, मग पाठवू.’

एकवीस वर्षं पोर याच पत्र्याखाली झोपली. दीड वर्षात सवय! असो. सोय नाही तर लेक नाही, एवढं समजलं.

९ एप्रिल
पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांची एस्टिमेटं केली. एका खोलीचं काय अवघड?

एसी अठ्ठावीस हजार. शिवाय स्टॅबिलायझर, जाड वायर, मीटरचा लोड. दुकानदार म्हणाला, पत्र्याखाली गारवा टिकणार नाही, आधी स्लॅब टाका. म्हणजे एसीसाठी घर बांधायचं! चहा मात्र चांगला पाजला.

१० एप्रिल
कूलर. साडेतीन हजार. दिवसाला चार घागरी पाणी पितो. आपल्या नळाला पाणी दिवसाआड. त्याला पाजू की आपण पिऊ?

१२ एप्रिल
बायकोने, कलाने, बाजेखाली ठेवायला शेगडी आणली, पोतंभर कोळसाही. म्हटलं, वरून कूलर, खालून शेगडी? म्हणाली, “तुमचा गारवा इहिनीसाठी. बाळंतिनीला शेकच लागतो.”

एस्टिमेटात कलमं दोन – खोली गार करणे, खोली गरम करणे. साहेबांनी पाहिलं असतं तर मला घरी बसवलं असतं.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. मिरवणुकीला निघण्याआधी हिशेब मिटवला. कूलर भाड्याने, महिना पाचशे, तीन महिने. पुण्याला पत्र टाकलं – सोय झाली. भाड्याची, हे लिहिलं नाही. लेक यावी एवढंच वाटतं.

२१ एप्रिल
भारती आली! एकटी, एसटीने, अशा अवस्थेत. माझं पत्र तिच्याच हाती पडलं म्हणे. तेच सासूपुढे ठेवलं आणि निघाली.

कूलर लावला. म्हटलं, तुमच्या एसीची सर नाही याला. ती बराच वेळ वाऱ्यापुढे बसून राहिली. मग म्हणाली, “दादा, एसी सासूबाईंच्या खोलीत आहे. मी स्वयंपाकघरात झोपते. खाली.”

कला उठून चुलीपाशी गेली.

२२ एप्रिल
परत जाणार नाही म्हणते. मीही पाठवणार नाही. सकाळीच दुकानात जाऊन कूलर विकत घेतला.