सोळा स्क्रूंचा कोट

कांचघर, जबलपूर
शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. कुंदास,

श्रीपाददादाचे पोटभर आशीर्वाद. (अनेक आशीर्वाद सगळेच लिहितात, पोट कोणाचं भरत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? रामरावांची कंबर काय म्हणते? त्यांना साष्टांग नमस्कार सांग, पण उलट नमस्कार करायला वाकू देऊ नकोस. नागपूर आपल्या राज्यातून गेलं तेव्हापासून तुझी पत्रं कमी झाली, हे मी बत्तीस वर्षं बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवतो आणि मुद्द्यावर येतो.

शरयू येत्या बुधवारी संध्याकाळच्या बसने तुझ्याकडे येते आहे. गुरुवारी सकाळी एका बँकेत तिची कायदा अधिकाऱ्याच्या जागेसाठी मुलाखत आहे. वकिलीचा काळा कोट आणि खळ घातलेली पांढरी साडी घालून जायचं, असं तिचं ठरलं आहे. साडी नेसवायला तू आहेस. कोट पोचवायची जबाबदारी माझी.

आता तू म्हणशील, त्यात जबाबदारी काय? हेच तुझी शकुवहिनीही म्हणते. तिचं म्हणणं असं की जुन्या मऊ धोतरात गुंडाळावा आणि पिशवीत वर ठेवावा, झालं. बाई, मी कारखान्याच्या पॅकिंग सेक्शनमध्ये तेहेतीस वर्षं काढली आहेत. माझ्या हातचा माल लडाखपर्यंत गेला आणि एक ओरखडा आला म्हणून कधी कागद आला नाही. असा माणूस घरात असताना पोरीचा कोट धोतरात जाईल? (धोतरही माझंच. मला न विचारता जुनं ठरवलेलं.)

पण तुला खरं सांगतो, आणि हे शकुलाही सांगितलेलं नाही. डिसेंबरात अशीच एक मुलाखत भोपाळला झाली, ते तुला ठाऊक आहे. निवड झाली नाही, तेही ठाऊक आहे. काहून झाली नाही, ते फक्त मला ठाऊक आहे.

त्या वेळी मी पहिल्यांदा कोट उलटा केला, एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवला, बाह्यांत वर्तमानपत्राच्या सुरळ्या भरल्या. (आधी सुरळ्यांवर पतंगी कागद. नाहीतर शाई अस्तराला लागते आणि न्यायालयात हात वर केला की बाजारभाव दिसतात.) मग मेणकागद, मग दोन्ही बाजूंनी प्लायवूड, आणि हे सगळं देवदारच्या एका चपट्या पेटीत. वर बारा खिळे. चारी बाजूंना लेबलं: हा भाग वर, कोरड्या जागी ठेवा, आपटू नये. शरयू म्हणाली, बाबा, सूटकेस आहे ना. मी म्हटलं, सूटकेसमध्ये कपडे जातात, हा कोट आहे. तिने पेटी उचलली. पोरगी गुणी आहे, आईवर गेलेली नाही. गाडीत लोकांना ते हार्मोनियम वाटलं म्हणे, आणि इटारसीपर्यंत एक म्हातारेबुवा एखादं भजन होऊन जाऊ द्या म्हणून मागे लागले होते. मला मात्र हे ऐकून समाधानच वाटलं. हार्मोनियम म्हटलं की माणूस जपून पाय टाकतो.

चौथ्या दिवशी ती परत आली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, ठीक झाली बाबा. आणि आंघोळीला गेली. मी पेटी उघडली. खिळे वाकडेतिकडे उपटलेले होते, त्याचं काही नाही, माल पोचल्याची ती खूण असते. पण कोट, कुंदा! पाठीवर चार घड्या, बाह्यांवर दोन-दोन, आणि कॉलरचं एक टोक कानासारखं उभं. बसून मुलाखत दिली तर अशा घड्या पडत नाहीत, एवढं मला कळतं. त्या प्रवासातल्याच घड्या. म्हणजे पोरगी पाच साहेबांसमोर तो चोळामोळा झालेला कोट घालून उभी राहिली, माझ्यामुळे, आणि घरी येऊन एक अक्षर बोलली नाही. पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. वजन मात्र वाढून राहिलं आहे, ते कसं कोणास ठाऊक.

आमच्या सेक्शनची एक गंमत सांगू? तेहेतीस वर्षांत मी बांधलेली एकही पेटी उघडताना मी पाहिली नाही. माल गेला, पोचला, सही आली. आतला माल बघून समोरचा हसला की त्याने कपाळाला हात लावला, ते आम्हाला कधी कळलंच नाही. पहिल्यांदा कळलं ते माझ्याच पोरीच्या कोटावरून.

म्हणून या वेळी हयगय नाही. दोष माझ्या लक्षात आला आहे: मागच्या वेळी पेटी सैल राहिली. आता खिळे काढून टाकले, सोळा स्क्रू मारले. वरून लोखंडी पट्टीचे दोन वेढे घातले, त्याला सील. साडी तळाशी सपाट ठेवली आहे, खळ मोडायला नको. कोट आत इंचभर हलत नाही. कालच बंद केली, म्हणजे कोणाला (शकुला) मध्येच उघडून धोतर घालायचा मोह नको. पेटीला धरायला दोरीची मूठ केली आहे. बसच्या टपावर टाकू देऊ नकोस असं शरयूला बजावलं आहे, आणि ती मान हलवून हसली. काहून हसली, विचारलं नाही.

सगळ्यांना यथायोग्य. तू स्वतःला जप.

तुझा
श्रीपाददादा

ता. क. : एवढं करूनही घडी दिसलीच, तर शरयू आंघोळीला गेली की गुपचूप इस्त्री फिरव. ओल्या फडक्यावरून, नाहीतर काळ्या कापडाला चकाकी येते. तिला म्हणावं, दादाने पाठवला तसाच आहे. खोटं बोलायला सांगतो आहे, पण एकदाच.

ता. क. २ : मुलाखतीच्या दिवशी ती काही खात नाही. समोर बसून खाऊ घाल. तिला नोकरी लागली तर ती नागपूरला राहील, तेव्हा आम्हा दोघांचं काय, हे मला विचारू नकोस. नोकरी लागू दे.

ता. क. ३ : डिंक सगळा लेबलांना लागला, पाकीट उघडंच आहे. शरयू पोस्टाकडे जाते आहे, तिथे चिकटवेल. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही, वकील आहे.

*

आत्या, मी शरयू. वाचलं. सॉरी. माझी मराठी लिहायला कच्ची आहे, समजून घे.

भोपाळला ती पेटी उघडलीच नाही. हॉस्टेलमध्ये ना पक्कड, ना हातोडी. चमच्याने ट्राय केलं, चमचा वाकला. मी प्रवासातल्या पिवळ्या साडीवरच इंटरव्ह्यू दिला. कपड्यांचं कोणीच काही बोललं नाही. मुदतीच्या कायद्यातलं एक कलम विचारलं, ते मला आलं नाही, बस. परत येताना इटारसीला एका हमालभैयाने सळईने पेटी उघडून दिली. आत कोट इतका सुंदर ठेवलेला होता की मला रडू आलं. न घालता घरी नेला तर बाबांना काय वाटेल? म्हणून गाडीत तो घालून झोपले. वापरलेला दिसावा म्हणून. त्याच्याच त्या घड्या. आता खरं सांगितलं तर पेटी उघडली नाही ते कळेल, नाही सांगितलं तर घड्यांचा दोष बाबा स्वतःवर घेणार. म्हणून मी चूप आहे.

तर आत्या, बुधवारी स्क्रू काढायला पेचकस आणि पट्टी कापायची कैची काढून ठेव. जे कलम चुकलं ते पाठ केलंय. या वेळी मला हा कोट घालायचा आहे.

आणि एक. पेटी उघडताना कुठला कागद कुठे होता ते आपण लिहून ठेवू. परतताना कोट तसाच भरू, सोळाही स्क्रू लावू. एक घडी पडू द्यायची नाही. घरी ती बाबांनाच उघडायला लावीन, आणि मी समोर बसेन.