विहिरीजवळच्या मोसंबीचं पान

मंगळवार, संध्याकाळ

जे पान निरोगी असल्याची मला खात्री होती, तेच चमकलं.

कॉलेजात शिकवायला घेतलेलं डीएनए तपासायचं स्वस्त, डब्याएवढं यंत्र मी सुट्टीत माहेरी आणलंय. मळ्यातली पाच मोसंबीची झाडं पिवळी पडून राह्यलीत. पानाचा अर्क नळीत घालून यंत्रात ठेवायचा; कलमातून पसरणारा रोग असला तर नळी हिरवी चमकते. तुलनेला एक निरोगी पान पाहिजे, म्हणून विहिरीजवळच्या जुन्या झाडाचं घेतलं. पाचही नळ्या चमकल्या, आणि सहावीसुद्धा. माझंच चुकलं असेल म्हणून परत केलं. नुसत्या पाण्याची नळी काळीच राहिली, म्हणजे यंत्र ठीक होतं. विहिरीजवळचं पान पुन्हा चमकलं.

ह्याच झाडाच्या काड्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सगळ्या गावाला कलमं बांधायला दिल्या. फुकट, हौसेनं. माझ्या लग्नात सासरच्या बागेलाही दिल्या.

अण्णा ओसरीवर मामांसाठी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळत होते. मामा उद्या येणार. मी म्हटलं, "अण्णा, ह्या देऊ नका. झाडाला रोग आहे."

"पान बघ की, कसं हिरवंगार हाय. तुझ्या डब्याला काय कळतंय?"

"सासरची बागही पिवळी पडून राह्यली, अण्णा."

त्यांचे हात थांबले. मंग हळू आवाजात विचारलं, "गावात बोललीस का कुणाला?"

"न्हाई."

"उद्या न्हाई दिल्या तर समदे का म्हणून इचारतील."

त्यांनी फडक्याला गाठ मारली. ते आता खिडकीत ठेवलंय, ओलं. काड्या काढून टाकायला मी दोनदा उठले. गाठ सोडली न्हाई.