आजचा निरोप

३ नोव्हेंबर
आणि दादा, तू म्हणतोस तसा मी काही पळून आलेलो नाही. दिवाळीला वाशीमला आलो नाही, कारण नोकरी लागायची होती. फोनवर तुझ्याशी बोललं की भांडणच होतं, म्हणून राहिलेलं भांडण इथे लिहून काढतोय. दहावी नापास माणूस कॉम्प्युटरवर काय दिवे लावणार, असं तू चारचौघांत म्हणालास ना? मग ऐक. भोपाळला बिट्टन मार्केटात, चपलांच्या दुकानावर ऑफिस आहे. खिडकीतून खालचा भाजीबाजार दिसतो. खुर्ची चाकांची. चहा फुकट, तोही आल्याचा. मालक परीक्षित सर, माझ्याहून जेमतेम मोठे असतील, पण माणूस मोकळा. आम्ही लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. वेबसाइटला दोन बाजू असतात. एक जगाला दिसते ती. दुसरी आतली, तिथे बसून कोणीतरी रोज पानांचे रकाने भरतं. ही आतली बाजू भरणाऱ्याला सोपी करून द्यायची, हे माझं काम. व्हिडिओ बघून बघून शिकलो. आज दिवसभर मजेत होतो, हेही लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर
पहिलं काम मिळालं. कोलार रोडला एक वृद्धाश्रम आहे. तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं वेबसाइटवर एक पान, बाहेरगावची मुलं ते उघडून बघतात. सुशीलाबाई म्हणून एक आहेत, त्या रोज पानं भरतात. जेवण, औषध, झोप, आणि सगळ्यात खाली एक रकाना, ‘आजचा निरोप’. म्हातारे जे सांगतील ते त्यात लिहायचं. तिथेच घोळ आहे. म्हातारे सांगतात, थंडी वाजते, घेऊन जा, येतोस कधी. मग मुलं मॅनेजरवर चिडतात. सर म्हणाले, मिलिंद, वो डब्बा ही हटा दे यार, सब चैन से रहेंगे.
मी हो म्हणालो. खरं तर मला रकाना काढता येत नाही. लपवता येतो. कोडची एक ओळ टाकायची, की सगळ्या पानांवरून तो दिसेनासा होतो. पण असतो तिथेच. हे सरांना कुठल्या तोंडाने सांगू?

९ नोव्हेंबर
रविवार. बाबांचा फोन. नेहमीचंच, जेवलास का, येतोस कधी. मग म्हणाले, देवळात सगळ्यांना सांगितलं, पोरगा भोपाळला इंजिनीयर आहे. माझी कानशिलं तापली. मीटिंग आहे म्हणालो आणि ठेवून दिला. रविवारी कसली मीटिंग? बाबांनी विचारलं नाही.

१० नोव्हेंबर
रकाना लपवला. आधी करून बघायला एक खोटं पान लागतं. नाव सुचेना, बाबांचंच टाकलं. फोटोही त्यांचाच, तुझ्या लग्नातला, शर्टाची वरची गुंडी लावलेला. मोबाइलमध्ये म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच फोटो होता. तिथे जमलं, मग सगळीकडे चालू केलं. सरांना म्हणालो, काढून टाकला. त्यांनी पाठ थोपटली आणि समोसे मागवले.

१२ नोव्हेंबर
सुशीलाबाईंना नवा स्क्रीन दाखवायला आश्रमात गेलो. दारातच अच्युतराव नावाचे गृहस्थ भेटले. कारखान्यात फोरमन होते, अजून इस्त्रीचा शर्ट घालतात. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि ओठ हलवायला लागले. आवाज नाही. घसा बसला असेल म्हणून मी आपला हसलो, मान डोलावली, पुढे गेलो.
मग जेवणघर. सगळे टेबलांशी बसलेले. चमच्यांचा आवाज येत होता, टीव्हीचा येत होता. तोंडं सगळ्यांची हलत होती. एका आजीबाईंनी माझी बाही धरली आणि खूप वेळ काहीतरी सांगितलं. काहीच ऐकू आलं नाही.
सुशीलाबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, सोमवारपासून कशी शांती आहे बघा, तुमच्या कॉम्प्युटरचा पायगुण. मला हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर
सर जेवायला गेल्यावर माझी ओळ फक्त माझ्या स्क्रीनपुरती बाजूला करून रकाना बघितला. रिकामा असायला हवा. सुशीलाबाईंना तो दिसतच नाही, त्या भरणार कुठून?
भरलेला होता. प्रत्येकाच्या पानावर. अच्युतरावांच्या पानावर मुलासाठी लिहिलेलं, अमित, माझा आवाज कोणाला ऐकू जात नाही. त्याच्या खाली, कॉम्प्युटरच्या पोराला सांगितलं. तो हसला.
मी हसलो होतो.

१५ नोव्हेंबर
ओळ पुसली की रकाना परत येईल. एवढंच करायचंय. पण मग आत साठलेलं सगळं एकदम मुलांना दिसणार. खाली माझं नाव, बदल करणारा, मिलिंद. काढलं नव्हतं, नुसतं लपवलं होतं, हे सरांना कळणार. नोकरी गेली म्हणायची. वाशीमला परत, तुझ्यासमोर, बाबांच्या देवळातल्या लोकांसमोर. दोनदा पुसायला घेतली. हात मागे आला.
सोमवारी करतो.

१६ नोव्हेंबर
बाबांचा फोन. आज मी उचलला. पलीकडून श्वास. तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, तुझी पोरगी रडत होती तेही ऐकू आलं. बाबांचा आवाज तेवढा नाही. हॅलो हॅलो करत राहिलो. मग तू घेतलास. म्हणालास, सोमवारपासून असेच आहेत, ओठ हलतात, आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणतो घसा ठणठणीत आहे. तुझाच धसका घेतलाय त्यांनी, असंही म्हणालास.
खोटं पान. मी ते पुसलंच नव्हतं.

१७ नोव्हेंबर
बाबांचं पान उघडलं. खाली भाजीवाले ओरडत होते, लख्ख ऊन होतं.
मिलिंद, जेवलास का.
मीटिंग संपली का रे.
दादावर रागावू नकोस, तो तोंडाचा फटकळ आहे.
बघत असतानाच खाली अजून एक ओळ आली. वाचतोयस ना.
पान पुसायला गेलो. पण पुसलं तर आतलं बोलणंही— बाबांचं सगळं बोलणं आता तिथेच आहे. नाही पुसलं.
एकट्या बाबांसाठी उघडता येईल का? व्हिडिओ शोधले. मला येत नाही. ओळ एकच आहे, सगळ्यांची. उघडलं तर सगळंच उघडेल.

१८ नोव्हेंबर
सर पेढे घेऊन आले. अजून दोन आश्रमांना हेच हवंय. म्हणाले, तूच लावून दे, तेरा ही कमाल है.
लावून दिलं. संध्याकाळच्या आत.
तोंडून ‘नाही’ निघालंच नाही—

१९ नोव्हेंबर
दादा, तुझा मेसेज मिळाला. बाबांना अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचंय, थोडे पैसे पाठव.
डॉक्टरला काही सापडणार नाही. हे तुला कसं— एक ओळ पुसायची, बस. आत्ता, इथे बसल्या जागी. सर समोर आहेत. हसतायत माझ्याकडे बघून—
बाबांच्या रकान्यात नवीन आलंय. पैसे नकोत म्हणावं त्याला, फोनवर दोन शब्द बोलला तरी—
पुढचं वाचलं नाही. बंद केलं.
रविवारी फोन करतो म्हणून सांग बाबांना. नको, सांगू नकोस. पैसे पाठवतोय, बघ आले का. चार हजार दोनशे—