तिजोरीपुढची हजेरी

पिनांग, ४ जानेवारी १८९६
बँकेच्या सिंगापूर शाखेतून सुटलो एकदाचा! इथे समुद्राचा वारा थेट माझ्या टेबलावर येतो आणि मेसमधली कोंबडीची करी झकास आहे. मॅनेजर गिलक्रिस्ट साहेब तिरसट. रॅटरे, सिंगापूरवाल्यांनी काही काम शिकवलं, की नुसतं क्रिकेटच, असं त्यांनी मला पहिल्या भेटीतच विचारलं.

७ जानेवारी
इथली एक गंमत. तिजोरीची खोली बंद करण्याआधी साहेब दाराशी हजेरी घेतात. आधी चिनी खजिनदार ओंग, मग मी. दोघांनी बाहेरून ‘हजर’ म्हटलं की मगच लोखंडी दार लागतं. माझ्या आधीचा पेटिग्रू, माझ्यासारखाच स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा, चिनी नववर्षाच्या सुट्टीत आत अडकला होता. कोणी पाहिलंच नाही, आणि दार सुट्टी संपल्यावर उघडलं, तोवर तो तहानेने गेला होता. बिचारा! ओंग बजावून म्हणाले, आतून कोणी काही मागितलं तर देऊ नका हं, तुआन. (इथे साहेबाला तुआन म्हणतात.) मला हसू आवरेना.

२० जानेवारी
आतून कोणीतरी पाणी मागितलं. आमच्या ॲबर्डीनच्या बोलीत. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं करत दार लोटलं. मला जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी
राहवलं नाही. दार लागण्याआधी गुपचूप पेलाभर पाणी आत ठेवलं. तहानलेल्याला नाही कसं म्हणायचं?

२३ जानेवारी
ओंगना कळलं. म्हणाले, अहो तुआन, पाहुणचार केलात त्याचा! आता तो तुमची जागा मागेल.

३ फेब्रुवारी
आज आतला आवाज माझा होता. मी बाहेर उभा असताना. साहेब पांढरे पडले. बदलीचा अर्ज टाकलाय. भीती वाटते, फार भीती वाटते.

१२ फेब्रुवारी
उद्यापासून नववर्षाची सुट्टी. ओंग म्हणाले, पेला परत आणा, म्हणजे सुटाल. मेणबत्ती घेऊन आत आलोय. पेला दिसत नाही —

हजेरीआधीच दार आपोआप लागलं. मी आत आहे.
बाहेर साहेबांनी हजेरी घेतली. ओंग हजर. मग रॅटरे — मी जिवाच्या आकांताने ओरडलो, आत आहे, मी आत आहे — साहेब म्हणाले, लक्ष देऊ नका, ओंग, तोच बोलतोय.
आणि बाहेर कोणीतरी माझ्या आवाजात — हजर.
ओंग म्हणाले, बरं झालं तुआन, वेळेत बाहेर आलात.
साहेब त्याला जेवायला घेऊन निघालेत. तो हसतोय. पावलं लांब — मी अजून ओरडतोय, साहेब, अहो साहेब, मी —