रुमालाखालची बेरीज

मौजे टेंभुर्णी, तारीख ९ जुलै १९५७

मी, मिश्रीलाल वल्द चांदमल, वय वर्षे अडुसष्ट, धंदा धान्याची दलाली, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण (पहिल्याच खेपेस), माझे शाळासोबती भुजंगराव (दुसऱ्या खेपेस), मुक्काम जाफ्राबाद, यांस सादर नमस्कारपूर्वक लिहून देतो की, आम्ही सर्व सुखरूप असून आपली गुडघेदुखी कितपत उतरली ते कळवावे.

माझी नात सायर हिला जन्मापासून ऐकू येत नाही, हे आपण जाणताच. नववे वर्ष संपले तरी तिचे नाव शाळेत नव्हते. शाळेच्या उषाबाईंनी माझी पत्नी प्रेमबाई हिच्याकडे निरोप दिला की, मुलीने माझ्यासमोर बेरीज करून दाखवली तर नाव घालते, एरवी नुसती बसवून तिचे नुकसान कशाला करू? (निरोप प्रेमबाईने मला तीनदा सांगितला. हल्ली माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात.) चौथी उत्तीर्ण आजोबा घरात असता चिंता कसली, असे म्हणून मी स्वतः शिकवणीस बसलो. माझी पद्धत एकच, आवाज चढवणे. सायर माझ्या मिशांकडे कौतुकाने पाहत राही. महिन्याभरात शेजारचे शिंपी रहमतुल्ला दारात येऊन म्हणाले, “शेठजी, तेरा का पाढा मेरेकू पाठ हो गया, अब चौदा का बोलो!” प्रेमबाई म्हणाली, “अहो, भिंतीला ऐकू गेलं, पोरीला न्हाई गेलं. मंग कशाला ओरडून राह्यलात?” अखेर माझाच घसा बसला आणि वैद्यांनी पंधरा दिवस मौन सांगितले.

मौनाने धंदा अडत नाही. आपणांस ठाऊकच आहे की आमचा भाव रुमालाखाली ठरतो. हातात हात, जितकी बोटे दाबली तितका आकडा, पंजा धरला की पाच. त्या सोमवारी सायर बाजारात माझ्याजवळ बसून रुमालाकडे टक लावून होती. घरी जेवताना तिने माझ्या हातावर उपरणे टाकले, आत हात घातला आणि दोन बोटे दाबून भाकरीच्या टोपल्याकडे पाहिले. भुजंगराव, अडुसष्ट वर्षांत इतका साफ सौदा माझ्याशी कोणी केला नव्हता. मी दोन भाकरी दिल्या आणि उठून परसात गेलो (डोळ्यांत चुलीचा धूर गेला होता).

पुढे सुपाऱ्या मांडून पंधरा दिवसांत बेरीज झाली. काल सायर, प्रेमबाई आणि मी उषाबाईंपुढे उभे राहिलो. त्यांना शंका आली की आजोबाच उत्तर दाबतील. शंका रास्त होती. तेव्हा त्यांनीच रुमालाखाली हात घातला. सायरच्या हातावर सात दाबले, मग आठ. सायरने पाटीवर पंधरा लिहिले. पुढे बाईंनी पाटीवर सहा लिहून रुमालाखाली भलतेच काही दाबले. पोरीने मान हलवली, बाईंचा पंजा नीट धरून वर एक बोट दाबून दाखवले. बाई हसत म्हणाल्या, “मीच चुकले की ग!” आणि हजेरीपटावर नाव चढले. रात्री महिन्याभराने मला सलग झोप लागली.

ताजा कलम : निघताना उषाबाई आणखी काही म्हणाल्या व मी मान डोलावली. घरी प्रेमबाईने तीनदा सांगितले तेव्हा कळले की, दर शनिवारी शाळेत येऊन ही विद्या सर्व मुलींना शिकवावी, असे ते होते.

आणखी एक : दोन वर्षे झाली, कानाशी ओरडल्याखेरीज मला ऐकू येत नाही. भाव बोटांनी ठरत असल्यामुळे बाजारात कोणास कळले नाही. सायरला मात्र कळले, कारण एकदा माझ्या पाठीमागे हंडा पडला, सगळे दचकले आणि आम्ही दोघेच स्वस्थ होतो. वर्गातल्या चाळीस मुली प्रश्न विचारतील. तरी आपण शनिवारी येऊन माझ्या शेजारी बसावे व मान होकारार्थी हलवायची की नकारार्थी, ते बोटाने कळवावे. उत्तर लेखी द्यावे, तोंडी निरोप पाठवू नये. मागच्या भेटीत आपण काय मागितले होते, तेही लिहावे. मी “अवश्य” म्हटल्याचे स्मरते.

साक्षीदार : प्रेमबाई, रहमतुल्ला शिंपी. (दोघांस ताजा कलम वाचून दाखवलेला नाही.)

ताजा कलमापुरती साक्षीदार एकटी सायर. शाळेच्या पहिल्या दिवशी शिकलेले अक्षर, तिच्या हातची निशाणी : सा